डॉक्टरांसमोर आई अगदी नीट बोलतात

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला घरच्यांची सगळ्यात मोठी पंचाईत होते ती दवाखान्यात. गेले सहा-आठ महिने घरात जे चाललेलं असतं, त्यातलं काहीही तिथे दिसत नाही. दिवसातून दहादा ‘‘आज वार कोणता गं?’’ विचारणाऱ्या सासूबाई डॉक्टरांशी झकास गप्पा मारतात, त्यांच्या मुलांची चौकशी करतात, गुडघे दुखतात म्हणून सांगतात. ‘‘बाकी काही त्रास?’’ असं विचारलं की हसून म्हणतात, ‘‘छे हो, हिलाच माझी काळजी फार.’’ सून खोटी पडते. डॉक्टर गुडघ्याची गोळी लिहून देतात, ‘‘वयाप्रमाणे थोडं चालायचंच’’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

यात आजी नाटक करत नसतात आणि डॉक्टरही दर वेळी निष्काळजी नसतात. स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर्स. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो. आत्ता घडलेली गोष्ट मनात पक्की बसवणं हे त्याचं काम. ते बिघडलं की सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानपानाचा घोळ मात्र तपशीलवार आठवतो. आल्यागेल्याची विचारपूस, बोलण्यातला गोडवा, वेळ मारून नेण्याची हातोटी या अंगवळणी पडलेल्या गोष्टीही बराच काळ शाबूत राहतात. दहा मिनिटांच्या गप्पांना एवढं भांडवल पुरून उरतं.

त्यामुळे या आजाराच्या निदानाला लागणारा खरा पुरावा घरात असतो, आणि तो डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेण्याची जबाबदारी घरच्यांवर येते. ती कशी पार पाडायची हे आधी माहीत असलं, तर फेऱ्या वाचतात आणि वेळही वाचतो.

वयाचा विसर आणि आजाराचा विसर

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. यातल्या बहुतेकांचं निदान झालेलंच नसतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे सोडून देतात, आणि हाच समज कितीतरी डॉक्टरांचाही असतो.

वयानुसार विसर वाढतो हे खरंच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी जिभेवर येत नाही आणि तासाभराने आपसूक आठवतं. यात काळजीचं काही नाही. काळजी करायची ती पूर्वी सहज जमणारी कामं जमेनाशी झाली तर. जन्मभर पुरणपोळ्या केलेली बाई कटाचं पाणी काढून झाल्यावर पुढे काय करायचं म्हणून थबकते. किराणा दुकानदाराशी पैशापैशाचा हिशोब करणारे अण्णा पाचशेची नोट देऊन सुटे न घेताच घरी येतात. रोजच्या फिरण्याच्या रस्त्यावर वळण चुकतं. वस्तू सापडली नाही की कामवाल्या बाईंवर चोरीचा आळ येतो. भिशीला, भजनाला, पत्त्यांच्या डावाला जाणं काहीतरी कारण काढून बंद होतं, कारण तिथे आता निभावत नाही.

मोजमाप साधं आहे. शेजारच्या काकूंशी तुलना करायची नाही. त्याच माणसाची त्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या रूपाशी करायची. अँथनी जॉर्म या संशोधकाने १९८९ मध्ये नातेवाइकांसाठी जी प्रश्नावली तयार केली, तिचा गाभा हाच आहे. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज पैशांचे व्यवहार, अलीकडच्या घटना, नवं यंत्र वापरायला शिकणं या गोष्टी या माणसाला कितपत जमतात, असं ती विचारते. गणितात मुळातच कच्च्या असलेल्या माणसाला हिशोब जमला नाही तर त्याला फारसा अर्थ नाही. निवृत्त बँक कॅशियरला तो जमेना झाला तर बराच अर्थ आहे.

वही घाला

डॉक्टरांना ‘‘हल्ली फार विसरतात’’ असं सांगून काही हाती लागत नाही. हे वाक्य ते दिवसातून वीसदा ऐकतात. तारीखवार लिहिलेले चार प्रसंग मात्र त्यांना थांबवतात. दोन-तीन आठवडे साध्या वहीत नोंदी ठेवा, काहीशा अशा:

‘सोमवार. सकाळची बीपीची गोळी दोनदा घेतली. पहिली घेतल्याचं आठवत नव्हतं. रिकामं पाकीट दाखवलं तर चिडल्या.’

‘गुरुवार. दूध तापत ठेवून झोपल्या. पातेलं जळलं. वास आल्याचंही लक्षात आलं नाही.’

‘शनिवार. बँकेत हयातीच्या दाखल्याला गेलो. सही तीनदा जुळली नाही.’

‘रविवार. संध्याकाळी आपल्याच घरात ‘आता घरी जाऊ या’ म्हणाल्या. सकाळी पुन्हा व्यवस्थित.’

या चार ओळींतून जाणत्या डॉक्टरांना बरंच कळतं. औषधं सुरक्षित हातात नाहीत, गॅसचा धोका आहे, सहीसारखी सवयीची हालचाल बिघडते आहे, आणि संध्याकाळी गोंधळ वाढतो.

वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे कधीपासून सुरू झालं? हळूहळू वाढत गेलं, की एकदम बिघडून काही काळ तसंच राहिलं आणि मग पुन्हा बिघडलं? पहिला बदल कशात दिसला: आठवणीत, बोलण्यात, चालण्यात की वागण्यात? हळूहळू उतरणारा आलेख अल्झायमर्सकडे बोट दाखवतो. पायरी-पायरीने घसरण झाली तर मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित डिमेन्शियाचा संशय येतो, विशेषतः बीपी आणि मधुमेह जुना असेल तर.

वहीसोबत न्यायची दुसरी वस्तू म्हणजे औषधांची पिशवी. चिठ्ठ्या नेल्या तर उत्तम, पण घरात प्रत्यक्ष घेतली जाणारी प्रत्येक गोळी न्या: झोपेची, पित्ताची, सर्दीची, वैद्यांची आणि शेजाऱ्याने सुचवलेलीही. झोपेच्या अनेक गोळ्या, सर्दी-खाजेवरची काही जुनी औषधं, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या वृद्ध मेंदूला गुंगवतात. अशी एखादी गोळी बंद करून माणूस महिनाभरात बराच सावरल्याचं डॉक्टरांच्या पाहण्यात असतं. मात्र घरच्या घरी काहीही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम तोडली तर उलटं नुकसान होतं.

एका बाबतीत मात्र वही लिहीत बसायला वेळ नसतो. परवापर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा बोलू लागला, ग्लानीत जाऊ लागला, नसलेली माणसं दिसू लागली, तर तो बहुधा डिलिरियम असतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं ही त्याची नेहमीची कारणं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि वेळेत उपचार झाले तर माणूस बरा होतो.

न्यायचं कसं?

‘‘मला काय वेड लागलंय?’’ या एका प्रश्नाने अनेक घरांतली दवाखान्याची गोष्ट वर्ष-वर्ष मागे पडते. आजाराचाच एक भाग असा की, आपलं काही बिघडलंय याची जाणीव मेंदूला नीट होत नाही. त्याला हट्टीपणा समजून वाद घातला तर हाती फक्त भांडण लागतं. पुरावे तोंडावर फेकून माणूस तयार होत नाही, दुखावतो.

त्यापेक्षा त्यांना पटेल अशा कारणाने जा. वर्षातून एकदा बीपी, शुगर, डोळे, कान सगळं तपासून घेऊ या, यात खोटं काहीच नाही. कान तर तपासायलाच हवेत: ऐकू कमी येत असेल तर सांगितलेलं मुळात पोचतच नाही, आणि बहिरेपण हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटकही आहे. पहिली भेट नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची असावी. ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय’’ या शब्दाला आपल्याकडे जे वजन आहे ते मुलाच्या किंवा सुनेच्या शब्दाला नसतं. पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. जिथे न्यूरॉलॉजिस्ट नाही, तिथे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठता येतो. कुठे जावं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आदल्या दिवशी वहीतला सारांश एका पानावर लिहून डॉक्टरांकडे पोचवा किंवा आत जाताना चिठ्ठीसारखा हातात द्या. आजींच्या देखत ‘‘या असं करतात, तसं करतात’’ असा पाढा वाचावा लागत नाही. उरलेलं बोलायला दोन मिनिटं एकटं भेटू द्या, अशी विनंती करा. त्याच वेळी पेशंटलाही डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावं. घरच्यांसमोर न सांगितलेली भीती तिथे बाहेर येते.

तपासणीत काय होतं?

डॉक्टर विचारतात, ‘‘आजी, काल रात्री काय जेवलात?’’ आजी क्षणभर थांबतात आणि मान वळवून सुनेकडे बघतात: ‘‘सांग ना गं तू.’’ ही मान वळणं तज्ज्ञांच्या नजरेतून सुटत नाही. उत्तरासाठी पुन्हा पुन्हा सोबत्याकडे बघणं ही या आजाराची एक ओळखीची खूण आहे. अशा वेळी घरच्यांनी गप्प बसायचं असतं. आपण प्रेमाने पुरवलेलं उत्तर निदानाच्या आड येतं.

मग चाचणी होते. सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९७५ सालची, फोलस्टीन यांची, ३० गुणांची: आज तारीख काय, आपण कुठल्या गावात आहोत, तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगा, शंभरातून सात वजा करत जा, ही आकृती काढा. साधारणपणे २४ पेक्षा कमी गुण मिळाले तर शंका घेतात. पण गुणांचा हा आकडा शिक्षणावर फार अवलंबून असतो. कधीच शाळेत न गेलेल्या आजींना कमी गुण मिळतात म्हणून त्यांना आजार आहे असं होत नाही. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचं हिंदी रूप नव्याने बांधावं लागलं आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. याच्या उलटही घडतं. निवृत्त प्राध्यापक २८ गुण मिळवून बाहेर येतात आणि पार्किंगमध्ये आपली गाडी ओळखत नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले शास्त्री आठवा: संस्कृतचं पाठांतर तोंडपाठ, आणि तरी हत्तीच्या मागे चालत निघून जाणारे. शिक्षण मोठं असेल तर आजार बराच काळ झाकला जातो. तेव्हा चाचणीआधी शिक्षण किती, काम कोणतं, घरात अहिराणी, मालवणी की आणखी कोणती भाषा बोलतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

यानंतरच्या रक्ततपासण्या आणि मेंदूचा स्कॅन यांचा पहिला उद्देश दुसरी कारणं वगळणं हा असतो. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस मंदावतो. ब १२ जीवनसत्त्व कमी असलं तरी स्मृती बिघडते. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ही कमतरता नेहमी सापडते. न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेला मार सगळे विसरून जातात, आणि काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं रक्त स्कॅनमध्ये दिसतं. विसराबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवरचा ताबा सुटणं अशी जोडी असेल तर मेंदूत पाणी साठल्याची शक्यता पाहतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे. नैराश्यही विसराचं सोंग घेतं. ढोबळ फरक असा की, नैराश्यातला माणूस स्वतःच ‘‘मला काही आठवत नाही हो’’ म्हणतो, आणि डिमेन्शियातला ‘‘काही झालेलं नाही’’ म्हणतो.

पूर्ण बरी होणारी अशी कारणं थोड्याच जणांत सापडतात, हे खरं. पण ती शोधायला लागणाऱ्या रक्ताच्या तपासण्या साध्या असतात, आणि त्या न करता वयाच्या नावावर बिल फाडणं परवडणारं नाही. या तपासण्या झाल्या का, हे विचारायला संकोच करू नका.

औषधाने काय होतं, काय होत नाही

डॉनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलंटामिन ही सुरुवातीच्या अल्झायमर्समध्ये दिली जाणारी औषधं. आजार पुढे गेल्यावर मेमँटिन. आजार मुळापासून बरा करण्याची ताकद यातल्या कशातही नाही. काही जणांना काही काळ लक्ष लागणं, बोलणं, रोजची कामं यांत थोडा फायदा होतो, काहींना होत नाही. जुलाब, मळमळ, भूक मंदावणं, नाडीचे ठोके कमी होणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून हृदयाचा जुना आजार असेल तर आधी सांगावा. ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून महिन्याकाठी बराच खर्च करायला लावणाऱ्या गोळ्यांमागे भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या नव्या औषधांना मंजुरी मिळाली. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, काटेकोर तपासण्यांनंतर देतात, त्यांनी घसरण काहीशी मंदावते, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायची: माणसं, मुलं, प्राणी दिसतात असं पेशंट म्हणत असेल, किंवा झोपेत हातपाय मारत असेल, तर ते वहीत आधी लिहा. ल्युई बॉडी या प्रकारात असं होतं, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखं औषध घातक ठरू शकतं. मुळात डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना शांत करण्यासाठी अशी औषधं देणं हा शेवटचा पर्याय असतो. त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. आरडाओरडा वाढला तर आधी दुखणं, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, जंतुसंसर्ग बघायचा.

इलाज नाही, मग कळून उपयोग काय?

हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. सर्वांत रोकडं उत्तर कागदपत्रांत आहे. सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला आपलं भलंबुरं कळत असतं, आणि आपल्या पैशांचं, घराचं, उपचारांचं काय करायचं ते तो स्वतः ठरवू शकतो. ही मुदत पुढे संपते.

अनेक घरांत बाबांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ते देणाऱ्याचं मन व्यवहार करण्याइतकं सक्षम राहिलं नाही की ते संपुष्टात येतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. त्यामुळे मृत्युपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी आणि मानसिक क्षमतेच्या वैद्यकीय दाखल्यासह वेळेत करणं, बँक खाती दोघांपैकी कोणालाही चालवता येतील अशी करणं, वारसनोंदी तपासणं, ही कामं निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलायचं, तो नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो.

दुसरं उत्तर सुरक्षिततेचं. गाडी चालवायची की नाही, गोळ्या कोणी द्यायच्या, पर्समध्ये पत्ता आणि फोन नंबर असलेलं कार्ड ठेवायचं का, फोनवरून ओटीपी मागणाऱ्यांपासून कसं वाचवायचं, हे सगळं निदान झाल्यावरच घर गांभीर्याने घेतं.

तिसरं उत्तर घरातल्या भांडणांचं. परदेशातला मुलगा रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्या पंधरा मिनिटांत बाबा ठणठणीत असतात. दिवाळीला येऊन चार दिवस राहतो तेव्हाही पाहुणा आल्याच्या उत्साहात बाबा सावरलेले असतात. ‘‘तुम्ही उगाच बाऊ करता,’’ असं तो वहिनीला सुनावून जातो. निदानाचा कागद हाती असला की या वादाला लगाम बसतो. डॉक्टरांच्या भेटीत दूरच्या भावंडांनाही फोनवर घ्यावं. तेच प्रश्न त्यांनीच विचारावेत आणि उत्तरंही त्यांनीच ऐकावीत. मग खर्चाची आणि पाळीची वाटणी बोलणं सोपं जातं.

दवाखान्यातून उठण्याआधी

निदान ऐकल्यावर डोकं सुन्न होतं आणि विचारायचं राहून जातं. म्हणून प्रश्न आधीच लिहून न्या. डिमेन्शियाचा कोणता प्रकार वाटतो? दुसरी कारणं कोणती वगळली? औषधाचा फायदा होतोय की नाही हे कशावरून आणि किती महिन्यांनी ठरवायचं? कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा? त्यांना स्वतःला काय आणि किती सांगायचं? हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे. ‘त्यांना कळू देऊ नका’ ही आपली रीत असली, तरी सुरुवातीच्या टप्प्यातल्या कितीतरी जणांना आपलं काहीतरी बिघडलंय हे अंधुक का होईना, जाणवत असतं. नाव कळल्याने घाबरायला होतं, पण कारण कळल्याने सुटकाही होते. त्यांना जितकं ऐकायचंय तितकं, साध्या शब्दांत, घाई न करता सांगावं.

शेवटचा प्रश्न स्वतःसाठी विचारा. सांभाळणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, मुलगी किंवा सून असते, आणि तिची झोप, पाठ, बीपी याची नोंद कोणत्याच केसपेपरवर नसते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा की रात्री तीनदा उठावं लागतं. गावात किंवा जवळच्या शहरात काळजीवाहकांचा गट असेल तर विचारा. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा इतर राज्यांतही आहेत, आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही विचारपूस करता येते. हा आजार काही वर्षं चालतो. एकाच माणसाने सगळं उचलायचं ठरवलं तर दोन पेशंट होतात. पुढची तारीख घेताना एक तारीख स्वतःच्या तपासणीचीही घ्या.